आधी ब्रेक

आदेशने गाडीची किल्ली अरिहंतच्या मोटार-पार्टच्या दुकानात काउंटरवर ठेवली आणि शेजारी आपला मोबाइल ठेवला, अरिहंतला वाचता येईल असा फिरवून.

“तुमचा मेसेज आला, शेठ. खरं सांगू, लई बरं वाटलं. म्हणलं, माणूस मोठ्या मनाचा हाय. मग आमी तरी कशाला धरून बसायचं? जाऊ द्या, आमी बी माफ केलं.”

अरिहंत मोबाइलवर वाकला. ‘मन, वचन, कायेने आपले मन कळत-नकळत दुखावले असल्यास अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम्.’ खाली दुकानाचे नाव आणि ‘सहकुटुंब, सहपरिवार’.

संवत्सरीला प्रत्येक जैन घरातून असे निरोप जातात. यंदा अरिहंतच्या आईने, झमकूबाईंनी, सुनेला, रिद्धीला, शेजारी बसवून दुकानाच्या फोनमधल्या झाडून साऱ्या नंबरांना तो पाठवायला लावला होता. दूधवाल्याला गेला, गॅसवाल्याला गेला, पुण्याच्या टायरवाल्याला गेला. धाकट्या भावाच्या अपघातानंतर तडजोडीच्या गोष्टी चालू असताना आदेशचा नंबर कोणीतरी त्यात घालून ठेवला होता, तो पुसायचा राहिला होता. त्यालाही गेला. बोरी बुद्रुकच्या या बागायतदाराला जैनांचा एकही निरोप आजवर आला नसावा. त्याने तो आपल्या एकट्यापुरता धरला. ज्याने पाय मोडला तो माफ करून मोकळा झाला, आणि तेही ज्यांच्या घरातला पाय मोडला त्यांना.

चोराच्या उलट्या बोंबा अरिहंतने पुष्कळ ऐकल्या होत्या. चोराने येऊन उलट आशीर्वाद द्यावा, हे नवीन होते. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मस्तकातून बाहेर पडली नाही.

“चहा घेणार?” त्याने विचारले.

“चहा नंतर. आधी सल्ला द्या.”

मागच्या टेबलाशी बंटी लॅपटॉप घेऊन बसला होता. अरिहंतचा धाकटा भाऊ. डावा पाय समोरच्या स्टुलावर सरळ ठेवलेला, कारण तो गुडघ्यात वाकत नव्हता. बंटीने मान वर केली नाही, आणि आदेशनेही आल्यापासून त्या बाजूला एकदाही पाहिले नव्हते.

चार वर्षांपूर्वी बोरीच्या वळणावर आदेशच्या गाडीने बंटीची स्कूटर उडवली होती. आदेशने जबाब दिला, स्कूटर राँग साईडने आली. तिथे नसलेल्या गावातल्या दोघांनी मान डोलावली आणि ते कागदावर खरे होऊन बसले. बंटी दवाखान्यात एवढेच म्हणाला होता, “मी माझ्याच बाजूला होतो.” अरिहंतने विश्वास ठेवला. वडिलांनी, धरमचंदांनी, ठेवला नाही. “आजकालची पोरं चालवतात कशी, मी बघतो ना,” असे ते एकदा जेवताना बोलून गेले, आणि बंटी अर्ध्या पोळीवरून उठला. पाय मोडला त्याचे अरिहंतला जेवढे लागले नाही, तेवढी ती अर्धी पोळी लागली. घरात आजही कोणी ‘राँग’ हा शब्द उच्चारला की बंटी पाणी प्यायला म्हणून उठतो.

“तर बोला,” आदेश म्हणाला. “इंजिनाची ताकद वाढवायचं स्टेज वन पुण्यात करून घेतलं. आता पुढं काय घेऊ? डाऊनपाइप, का मोठा इंटरकूलर? का सरळ स्टेज टूच मारू? रविवारी घाटघरच्या रस्त्याला मंचरच्या एका पावण्याबरं रेस लावलीय.”

“काय लावलंय?”

“इज्जत. दुसरं काय लावणार!”

अरिहंतने किल्ली उचलली. गाडी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय तो कोणालाही काही सांगत नसे. धरमचंदांचे सारे आयुष्य भुसारमालात गेले, त्यामुळे त्यांना गाड्यांचा वेग वाढवून देण्याचा हा धंदाच पटत नव्हता. पण ही एक खोड आवडायची. माल हातात घेऊन बघितल्याशिवाय भाव सांगू नये, असे ते म्हणत.

हायवेला लागल्यावर त्याने पिंपळवंडीच्या दिशेने गाडी सोडली. गाडी चांगली होती. टर्बोची गंमत अशी की पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही, गाडी विचारात पडल्यासारखी वाटते, आणि मग पाठीत धपाटा बसतो. पुढे उताराला त्याने ब्रेक दाबला. पेडल खोल गेले. खालून लोखंडाने लोखंड खरवडल्याचा आवाज आला आणि गाडी डावीकडे ओढली. पुन्हा दाबला, तर आणखी खोल गेले.

टोमॅटोच्या एका रानाशी त्याने गाडी बाजूला घेतली. पॅड संपले होते, डिस्कवर चऱ्या पडल्या असणार, ऑइल तर कधी बदललेच नसेल. एवढ्या ब्रेकवर स्टेज टू चढवून घाटघरचा उतार उतरायचा, म्हणजे तिसऱ्या नाहीतर चौथ्या वळणावर पेडल जमिनीला टेकणार.

त्याला आनंद झाला. ते लपवण्यात अर्थ नाही. अरिहंत पाणीसुद्धा गाळून प्यायच्या घरातला, मुंगी दिसली की पाय आखडून घेणारा. पण त्या घडीला त्याच्या अंगभर गोड काहीतरी पसरले. करायचे काहीच नव्हते. मागितले ते द्यायचे. डाऊनपाइप बसवायचा, संगणकावरून इंजिनाचा नवा मॅप चढवायचा, चहा पाजायचा. ब्रेकचे त्याने विचारलेच कुठे होते? आणि आपण होऊन सांगायला तो काय सोयरा लागत होता?

डोळ्यांपुढे त्याने ते वळण आणले. आदेशचा पाय पेडलवर, पेडल खाली, खाली, आणि खाली काही नाही. मग त्याला पुढचे दिसायला लागले. बोरीच्या चौकात फ्लेक्स लागला. गॉगल घातलेला आदेश, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘दिलदार मित्र’. दहाव्याला ही गर्दी. धरमचंदही पांढरी टोपी घालून जाऊन आले आणि घरी येऊन म्हणाले, पोरगा वाईट नव्हता रे.

अरिहंतचे हसू तिथेच थांबले. फ्लेक्सकडे तो बराच वेळ पाहत राहिला, खरोखर समोर लावलेला असावा तसा. मग त्याने गाडी वळवली आणि सावकाश परत आणली.

आदेश दुकानात नव्हता. बंटीबरोबर एकट्याने बसणे त्याला जमले नसावे. पलीकडच्या पानटपरीपाशी उन्हात उभा होता, तो लगबगीने आला.

“मंग? काय घेऊ?”

“ब्रेक.”

“आँ?”

“पॅड, पुढच्या दोन्ही डिस्क, ऑइल. मग पुढचे टायर. इंजिनाला आज हात लावणार नाही.”

आदेश हसला. मग अरिहंत हसत नाही हे त्याच्या ध्यानात आले. “अवो शेठ, मला पळायचंय. थांबायला कोण चाललंय तिथं?”

“थांबता येतं त्यालाच पळता येतं. ब्रेक चांगला असला की वळणाच्या तोंडाशी जाईपर्यंत तुमचा पाय अॅक्सिलरेटरवर दाबलेला राहील, मंचरवाल्याचा आधीच उचललेला असेल. इंजिनात काही न टाकता पुढं निघाल. नसेल पटत तर दुसरीकडं दाखवा.”

आदेशने गाडीकडे पाहिले, अरिहंतकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी मऊ आले.

“दुसरा असता तर मागंल ते गळ्यात मारून मोकळा झाला असता,” आदेश म्हणाला. त्याने अरिहंतच्या खांद्यावर थाप टाकली. “काळजी करता राव माझी.”

“करतो,” अरिहंत म्हणाला. “फार करतो.”

दुपारभर खपून त्याने स्वतः ब्रेक बसवले. दुकानातल्या कोणालाही हात लावू दिला नाही. प्रत्येक बोल्ट आवळून झाला की पुन्हा एकदा आवळून पाहत होता. जुने पॅड त्याने आदेशच्या हातात दिले. त्यांवर नखाएवढाही जाडपणा उरला नव्हता. आदेश ते उलटसुलट करून बघत राहिला.

गाडी गेल्यावर बंटीने लॅपटॉप मिटला.

“भैया, तू त्याला खरंच माफ केलंस?”

अरिहंत बोटांमधले काळे चिंधीने पुसत होता.

“मला वाटलं, तू गप्प बसशील,” बंटी म्हणाला. “तो गाडी लावत होता तेव्हाच ब्रेकचा आवाज मी इथून ऐकला होता. मीही गप्प बसणार होतो.”

“मीपण. पिंपळवंडीपर्यंत गप्पच होतो.”

“मग?”

“तो मेला तर बिचारा होईल. मेलेल्याला कोणी खोटं म्हणत नाही, बंटी. त्या वळणावर तुम्ही दोघंच होतात. तुझं कोणी ऐकत नाही. राहिला तो. त्याला मी असा सुखासुखी मरू देईन? म्हातारा होईपर्यंत जगवीन. एक दिवस त्याच्या तोंडून ते बाहेर काढीन, आणि पप्पांच्या समोर काढीन.”

बंटी स्टुलावरचा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवत म्हणाला, “तू लई वाईट आहेस, भैया.” पण त्या दिवशी तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

धरमचंदांना मात्र कोणीतरी बाजारात सांगितले, की तुमच्या अरिहंतने बोरीच्या त्या पोराला पोटाशी धरले. ते भारी खूश झाले. “क्षमा वीरस्य भूषणम्,” असे ते येईल-जाईल त्याला सांगत होते. अरिहंतने त्यांना ते सांगू दिले.

रविवारी सकाळी दोघे भाऊ दुकानात होते. धरमचंद जैन स्थानकातून परतताना नेहमीसारखे दारातल्या खुर्चीवर टेकून पेपर चाळत होते. दुकानाचा फोन वाजला.

“शेठ,” आदेशचा आवाज ओळखू येत नव्हता. “वाचलो राव. घाटघरच्या अलीकडं दुधाची पिकअप आली समोरनं. कचकन दाबला ब्रेक. गाडी जागंवर थांबली ओ, जागंवर! मधी हातभर जागा न्हाई.”

अरिहंतने श्वास सोडला. मग अगदी हळू, मायेने विचारावे तसे विचारले:

“पिकअप राँग साईडनं आली का?”

पलीकडे गाडीचे दार उघडल्याचा आवाज आला.

“न्हाई,” आदेश म्हणाला. “ती तिच्याच बाजूला व्हती. मीच आत घुसलो. वळण मारायच्या नादात मीच समोर गेलो. त्या माणसाचं पाय धरलं मी, शेठ. म्हणलं, चुकलो.”

“बरं केलंत.”

अरिहंतने फोन स्पीकरवर टाकला, उठला आणि तो बंटीच्या टेबलावर ठेवला. ‘राँग’ शब्दाला बंटी खुर्चीतून अर्धा उठला होता. अरिहंतने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवले.

“आदेशभाऊ, बंटी ऐकतोय. आमचे पप्पाही आहेत. आता बोरीच्या वळणावरचं सांगा.”

फोनमधून घाटातला वारा येत होता. गाडीचे दार उघडे राहिले असावे, ते टिंग टिंग वाजत होते. लांब कोणीतरी आदेशला हाका मारत होते. कोणत्याही क्षणी फोन बंद होईल, असे बंटीला वाटत होते. तो त्या पडद्यावरून नजर काढत नव्हता. फोन बंद झाला नाही.

“बंटीशेठ,” पलीकडून आले, “त्या दिवशी बी मीच…”

धरमचंदांनी पेपराची घडी घातली. मग दारातली खुर्ची उचलून त्यांनी बंटीशेजारी आणली, आणि कान फोनकडे करून ते बसले.