डावा गार्ड, नंबर सहासष्ट

वॉल्टर ग्राबेकनं मिठाची बाटली आणि गोळ्यांचा डबा उचलून खिडकीत ठेवला आणि लॅपटॉपसाठी जागा केली. मग टेबलावरचं आधीच पुसलेलं मेणकापड त्यानं पुन्हा पुसायला घेतलं.

"राहू द्या हो, मिस्टर ग्राबेक. मी काही जेवायला नाही आले," लोरेन म्हणाली.

"तुझा बाप आला की आधी जेवायचा. मग बोलायचा."

लोरेन हेट्झलचा बाप टोलेडो फेरीमेन या अमेरिकन फुटबॉल संघाचा कॅमेरामन होता. टीव्हीवाले मैदानाच्या बाजूनं खेळ दाखवायचे. हेट्झल मात्र गोलखांबांमागच्या मचाणावर कुडकुडत बसायचा आणि समोरून सगळी फळी टिपायचा. ती फिल्म फक्त प्रशिक्षकांसाठी असे. उन्हाळ्यात तो वारला आणि तळघरात लोरेनला फिल्मचे डबे सापडले. तिनं त्यातला एक लॅपटॉपवर चढवून आणला होता. ती आमच्या पेपरात खेळांवर लिहिते. संघाला साठ वर्षं झाली म्हणून सध्या तिची 'दहा दुर्लक्षित खेळाडू' ही मालिका चालू होती, रोज एक, दहापासून एकपर्यंत. रविवारी पहिला नंबर होता आणि तो वॉल्टरचा होता.

आता वॉल्टरला दुर्लक्षित म्हणायचं म्हणजे कमालच. टोलेडोत त्याला न ओळखणारा माणूस शोधून सापडायचा नाही. गार्डचं काम पुढे उभं राहून मार खायचं. तो सामन्यात साठ-सत्तर वेळा आपलं काम चोख करतो आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. एकदा चुकला, की पंच मैदानाच्या मधोमध उभा राहून माइकवरून त्याचा नंबर अख्ख्या शहराला ऐकवतो. १९८३ च्या जानेवारीत तसंच झालं. फायनलच्या आधीचा सामना, एकवीस-सतरानं आपण मागे, चाळीस सेकंद उरलेले. आपला माणूस चेंडू घेऊन रेषेपार गेला, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि मैदानात पंचानं चुकीची खूण म्हणून टाकलेलं पिवळं फडकं दिसलं. पंचानं आपल्या एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून दाखवलं. "प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवलं. डावा गार्ड, नंबर सहासष्ट. दहा यार्ड मागे." टचडाउन रद्द झालं, सामना गेला, आणि त्यानंतर चाळीस वर्षांत फेरीमेन फायनलच्या जवळपासही फिरकले नाहीत. त्या सगळ्याचं खापर एकट्या वॉल्टरच्या डोक्यावर फुटलं.

वसंतात संघानं त्याला काढून टाकलं. मग एकतीस वर्षं त्यानं नगरपालिकेची बर्फ काढायची गाडी चालवली. गाडी दिसली की फुटपाथवरचे लोक मनगट धरून दाखवायचे. हॉटेलातली बाई प्लेट ठेवताना म्हणायची, "धर नीट, वॉल्टर. त्यात तू पटाईत." चर्चमध्ये हात मिळवायची वेळ आली की मागून आवाज यायचा, "अरे, त्याच्या हातात हात देऊ नको, सोडायचा नाही!" वॉल्टर हसायचा. लोकांपेक्षा मोठ्यानं हसायचा. बायकोला, इरेनाला, ते हसणंच सहन व्हायचं नाही. तिनं शेवटी चर्च बदललं. मुलगा पॉल शाळेत असताना खेळाच्या मैदानावर सगळा वर्ग मनगटं धरून उभा राहायचा. अठराव्या वर्षी तो ॲरिझोनाला गेला तो गेलाच. इरेनाच्या दफनाला आला आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानानं परतला.

"लाव," वॉल्टर म्हणाला.

पडद्यावर चिखल दिसला. चिखलात वाकलेले लोक, तोंडातून वाफा. चेंडू निघाला आणि दोन्ही फळ्या एकमेकींवर आदळल्या. वॉल्टर डावीकडे सरकला आणि समोरच्याला छातीवर घेऊन ढकलत दोन यार्ड घेऊन गेला. त्याचे दोन्ही पंजे उघडे होते, पट्ट्या गुंडाळलेले. उजवीकडच्या फटीतून दुसरा एकजण आत घुसत होता. त्याच्या पाठीवर एक हात आला, त्या हातानं जर्सी मुठीत धरली आणि त्याला मागे खेचलं. तो माणूस हेलपाटत येऊन वॉल्टरच्या पायाशी पडला. फडकं त्यानंतर पडलं.

"आणखी एकदा."

तिनं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा तिनं चित्र थांबवलं आणि त्या हातापासून खांद्यापर्यंत बोट नेलं. छातीवरचा आकडा चिखलानं लिंपला होता. दुसरा आकडा स्पष्ट सहा. पहिला नीट पाहिलं तर पाच.

वॉल्टर आपल्या हातांकडे बघत राहिला. बोटं कधीचीच वाकडी झालेली, दोन तर मिटतच नाहीत. राग नंतर आला. आधी त्याला लाज वाटली. इतक्या वर्षांत एकदाही त्याला वाटलं नव्हतं की आपण धरलं नसेल. थंडीनं हात बधिर झाले होते, पायाशी माणूस पडलेला होता आणि पंच सांगत होता. पुढे पुढे तर त्याला ती जर्सी मुठीत आठवायची. ओली, खरबरीत, शिवण अंगठ्याखाली. झोपेतही आठवायची. जे कधी घडलंच नाही ते त्याला इतकं नीट पाठ झालं होतं.

"छप्पन्न," तो म्हणाला.

"हो."

"बर्नीला दाखवलंस?"

"नाही. आधी तुम्हाला." तिनं पडद्यावरचं बोट काढलं. "तुम्हाला पहिला नंबर द्या म्हणून त्यांनीच मला फोन केला होता. तीनदा. म्हणून तर मी हे डबे उघडले. तुम्ही किती चांगलं खेळायचात ते बघायला."

बर्नी म्हणजे बर्नार्ड कुलिक, नंबर छप्पन्न. फळीच्या मधोमध उभा राहणारा सेंटर, सात वर्षं वॉल्टरच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला. त्या सामन्यानंतर तो आणखी पाच वर्षं खेळला, मग गाड्यांची शोरूम काढली, आणि आज हायवेवरच्या फलकांवर त्याचं हसरं तोंड असतं. बर्फाच्या गाडीवरची नोकरी त्यानंच शब्द टाकून मिळवून दिली होती. तो पॉलचा धर्मपिता. इरेना शेवटचे अकरा दिवस बेशुद्ध होती तेव्हा खुर्ची टाकून बसला होता तो. दर शुक्रवारी पोलिश खाटकाकडून सॉसेज घेऊन यायचा, एकही शुक्रवार चुकला नाही. लोक म्हणायचे, मित्र असावा तर बर्नीसारखा. वॉल्टरही तेच म्हणायचा. येत्या रविवारी स्टेडियमच्या भिंतीवर बर्नीचं नाव मानानं लागणार होतं.

आज शुक्रवारच होता. मागचं दार न ठोठावता उघडलं.

"वॉल्ट! रविवारी टाय लाव हं, लेका. महापौर आपल्या शेजारी बसणार आहे. तिथे तुझी ती बर्फाच्या गाडीवरची टोपी घालून आलास तर—"

बर्नीला लोरेन दिसली, मग पडदा दिसला. सॉसेजचं पुडकं त्याच्या काखेतच राहिलं.

"ही फिल्म तर आगीत गेली म्हणाले होते," तो म्हणाला.

पडद्यावर चिखलात लोळलेली बारा-तेरा माणसं होती. सामना कुठला, वर्ष कुठलं, कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

"म्हणजे तू चौकशी केली होतीस," वॉल्टर म्हणाला.

बर्नी खुर्चीवर बसला. काखेतलं पुडकं त्यानं टेबलावर ठेवलं.

"त्याच आठवड्यात."

"तुला ठाऊक होतं."

"हात माझा होता रे. मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? पंच सहासष्ट म्हणाला. मला वाटलं, तू आता भांडशील. तू भांडलास की मी बोलणार होतो, देवाशपथ. पण तू मान खाली घालून उभा राहिलास. मग आत गेल्यावर तू माझ्याकडे आलास. रडत होतास."

"काय म्हणालो मी?"

"जाऊ दे ना आता, वॉल्ट."

"काय म्हणालो?"

"म्हणालास, माझ्यामुळे तुझी फायनल गेली. मला माफ कर."

"आणि तू?"

बर्नीनं लोरेनकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही.

"तू काय म्हणालास, बर्नी? हिला सांग. ती पेपरात लिहिते."

"माफ केलं, म्हणालो."

वॉल्टरनं मान हलवली. हे त्याला आठवत होतं. त्या रात्री घरी जाऊन त्यानं इरेनाला तेच सांगितलं होतं, की सगळं शहर उलटलं तरी बर्नीनं मोठ्या मनानं माफ केलं.

"मी भरपाई करत आलो रे," बर्नीचा आवाज चिरकला. "नोकरी बघितली. पोराला घरी नेऊन बसवायचो. इरेनाजवळ बसलो. काय करायचं बाकी ठेवलं मी? सांग ना, काय बाकी ठेवलं?"

"एक आकडा सांगायचा होता. बाकी काही करायची गरजच नव्हती."

"पाच वर्षं खेळलो असतो का मग? तुझ्याजागी मला काढलं असतं."

"हो," वॉल्टर म्हणाला. "तुला काढलं असतं."

बर्नीनं तळहातानं डोळे पुसले. मग तो हळू आवाजात म्हणाला, "रविवारी नातवंडं येतायत. धाकटी डेन्व्हरहून येतेय. एवढा रविवार निभावून ने, वॉल्ट. तुझ्या पाया पडतो. पुढचं पुढे बघू."

लोरेन काहीतरी बोलायला गेली. वॉल्टरनं हात वर करून तिला थांबवलं.

"जा तू घरी," तो बर्नीला म्हणाला. "रविवारी येतो मी. महापौराशेजारी बसेन, टाळ्या वाजवेन. रविवारी तुझ्याविरुद्ध कुणी चकार शब्द काढणार नाही."

बर्नी उठला आणि त्यानं वॉल्टरला कवटाळलं. हुंदके देत होता. वॉल्टर हात खाली सोडून उभा होता. बर्नी गेला, बाहेर गाडी सुरू व्हायला वेळ लागला, पण झाली.

लोरेननं लॅपटॉप आपटून मिटला.

"तुम्ही फारच साधे आहात, मिस्टर ग्राबेक. वडील सांगायचे, ते खोटं नव्हतं. आता मी काय करू? हे परत तळघरात नेऊन ठेवू?"

"रविवारचं तू काय लिहिलंयस?"

"तुम्हीच सगळ्यांत दुर्लक्षित. एका चुकीखाली सात वर्षांचा खेळ गाडला गेला, वगैरे."

"तसंच जाऊ दे."

"चुकीखाली? ते खोटं आहे, हे आता माहीत असताना?"

"एक दिवस. चाळीस वर्षं काढली मी, तू एक दिवस काढ." त्यानं पुडकं उचललं, फ्रिज उघडून आत ठेवलं आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "त्या भिंतीवर नुसतं नाव लावतात की नंबरही?"

"दोन्ही. लोखंडी आकडे, माणसाएवढे उंच. काल बघून आले, वर कापड टाकलंय."

"एकदा लावला की उतरवतात?"

"आजवर कुणाचाच उतरवला नाही."

"मग सोमवारी छाप," वॉल्टर म्हणाला. "आधी सगळ्या टोलेडोला त्याचा नंबर नीट दिसू दे."