नायटा न्हवं

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या तानाबाईला नऊ वर्षं नायटा होता. निदान सगळे तसं म्हणायचे. पाठीवर, मांड्यांवर तांबूस चट्टे, आणि खाज अशी की धार काढतानाही हात मागं जायचा. दोनदा कातडीचा तुकडा तपासून झाला. दोन्ही वेळा उत्तर एकच, साधा इसब.

२००३ साली ती शहरात, राजारामपुरीतल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. विद्याश्री हिरेमठांकडे आली. त्यांनी चट्टे बराच वेळ न्याहाळले आणि तिसरा तुकडा मागितला.

"आनि एक? ऱ्हाऊ द्या की वाईच कातडं अंगावर!" तानाबाई कडाडली. पण पालथी झाली.

या खेपेला अर्धा तुकडा जनुकांच्या तपासणीसाठी मुंबईला गेला. अहवाल आल्यावर विद्याश्रींनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, पिराजीला, समोर बसवलं.

"मावशी, हा नायटा नव्हे. कातडीत उतरलेला पांढऱ्या पेशींचा कॅन्सर आहे."

पिराजीनं हातातली टोपी चुरगाळली.

"अंगातली पेशी वेळ झाली की आपणहून मरते. तुमच्या एका पेशीच्या जनुकांत बदल झाला आणि मरायचा हुकूम ती ऐकेना. तिची पिलावळही तशीच. हे सगळे चट्टे त्या एकीचे."

तानाबाई म्हणाली, "मग तिला मारायचं कसं?"

"उजेडानं."

आठवड्यातून तीनदा ती एसटीनं यायची. गोळी घ्यायची आणि दोन तासांनी काळा चष्मा लावून निळसर दिव्यांच्या उभ्या पेटीत शिरायची. गोळी पोटात असली की तो उजेड त्या हट्टी पेशींना बाधायचा. दोन महिने काहीच हललं नाही. अंग रापलं, गोळीची मळमळ थांबेना.

"बास कर आता," पिराजी म्हणाला.

"तुमी म्हशी बघा. मी जातो," ती म्हणाली.

तिसऱ्या महिन्यात मांडीवरचा चट्टा फिकटला. सहाव्यात पाठ कोरी झाली. चौथा तुकडा विद्याश्रींनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली दोनदा पाहिला आणि त्या धावतच बाहेर आल्या. "मावशी, एकपण न्हाय!"

पुढं दर तीन महिन्यांनी तपासायचं होतंच. पण त्या हिवाळ्यात शहरातल्या डॉक्टरांच्या सभेत विद्याश्रींची बरी झालेली पेशंट म्हणून तानाबाई व्यासपीठावर ताठ उभी राहिली.

"इतकी वर्षं कुठं होता हो?" एका ज्येष्ठ डॉक्टरांनी तिला विचारलं.

"तुमच्याच दवाखान्यात की! सा म्हैनं मलम लावलं तुमचं."

सभागृह हसलं, मग टाळ्या थांबेनात. ज्येष्ठ डॉक्टर उठून पुढं आले.

"हिरेमठ, कागलच्या कारखान्यातला माझा एक पेशंट आहे. अकरा वर्षं इसबच लिहितोय मी."

विद्याश्री काही बोलायच्या आत तानाबाई म्हणाली, "उद्याच धाडून द्या की त्याला. पेटी मी दावतो."