परत पाठवलेला पहिला पेशंट

आमच्या मास्तरांनी स्वतःची पाठ लेकीसाठी राखून ठेवली होती. उभा जन्म शिलाई मशीनवर वाकून काढल्यावर पाठ दुखणार, मान आखडणार, हे ठरलेलंच. पण कुणाला हात म्हणून लावू द्यायचे नाहीत. आमच्या शिवणकामाच्या दुकानाला लागून सलून आहे. सलूनवाला मास्तरांचा जिवलग. केस कापून झाले की तो गिऱ्हाइकाची मान डावीकडे-उजवीकडे कडकन मोडून देतो, आणि अर्धी माणसं त्या आवाजासाठीच त्याच्याकडे जातात. त्यालाही मास्तरांची ताकीद होती, "माझ्या मानेच्या वाटेला जायचं नाही. ती धाकटीसाठी ठेवलीय."

धाकटी म्हणजे माझी आणि मास्तरांची लेक. ती कायरोप्रॅक्टिक शिकत होती. मणक्याचे आखडलेले सांधे हातानं दाबून, वळवून मोकळे करायचे, असं ते शास्त्र. मास्तर लोकांची मापं घेताना तिचं कौतुक सुरू करत. हात पसरून उभा असलेला माणूस पळून जाऊ शकत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मी मागे बसून काज-बटणं करायची आणि तेच ते कौतुक पुन्हा पुन्हा ऐकायची. वैतागायची, पण खरं सांगते, एखाद्या दिवशी ते विसरले तर मीच विषय काढायची.

मास्तरांना साखरेचा आजार जुनाच. आधी तळपायांना मुंग्या यायच्या, मग जळजळ व्हायला लागली, आणि मग काहीच होईना. साखरेचे डॉक्टर म्हणाले, पायांच्या नसा खराब होत चालल्यात, याला न्यूरोपॅथी म्हणतात, पाय जपा. मास्तरांनी हे धाकटीपासून लपवलं आणि मला शपथ घातली. कारण कळलं तर ती मशीनवर बसू देणार नाही. आमचं मशीन मोटारीचं. पायाला पॅडल कळलं नाही तर शिवण धावत सुटते, आणि ती सुटायला लागली होती. मास्तरांनी दोष मशीनला दिला. मेकॅनिकला बोलावलं. त्यानं सगळं उघडून पाहिलं आणि मशीन ठणठणीत आहे म्हणाला. तेव्हा मास्तरांनी मेकॅनिकच बदलला.

धाकटी शिकून आली आणि बेकरीच्या वरची खोली तिनं दवाखान्यासाठी घेतली. एक लांबट टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर मणक्यांचं चित्र. खालून पावाचा वास येत राहायचा. पहिल्या दिवशी पहिला पेशंट कोण असणार यावर वादच नव्हता. मास्तर स्वतः शिवलेला नवा कोट घालून निघाले, आणि साक्षीला सलूनवाला आणि आमचे जुने गिऱ्हाईक असलेले निवृत्त हेडमास्तर यांनाही घेऊन आले. गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं, "आज आवाज ऐकायला या!"

"काका, जरा बाहेर बसता का?" धाकटीनं दोघांना विचारलं.

"बसू दे गं, सगळी आपलीच माणसं आहेत," मास्तर म्हणाले आणि टेबलावर चढून बसले.

"बाबा, मोजे काढा."

"दुखतेय पाठ आणि मान. पायांचं काय काम?"

"काढा तरी."

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच चहाडी केली होती. मी नकारार्थी मान हलवली. मोजे निघाले.

धाकटीनं त्यांना डोळे मिटायला सांगितलं. कापसाची एक वात घेऊन ती नडगीवरून हळूहळू खाली आणू लागली. "कळतंय?" "कळतंय." घोट्यापाशी, "आता?" "हो." मग तिनं हात मागे घेतला. कापूस हवेत होता, पायापासून चांगला वीतभर लांब.

"आता?"

"हो. अंगठ्याला लागतोय."

 हेडमास्तर खाली पाहू लागले. मला मास्तरांचा राग यायला हवा होता, पण ते खोटं बोलत नव्हते हो. ते अंदाजानं बोलत होते, आणि आपल्याला कळत नाही हेच त्यांना कळत नव्हतं.  धाकटीनं कापूस टोपलीत टाकला.

मग तिनं रबरी हातोडी घेतली. घोट्यामागे मारली, पाऊल ढिम्म. गुडघ्याखाली हलकीच टेकवली मात्र, आणि पाय असा उसळला की तिच्या मनगटाला लागला.

"मास्तर अजून लाथ मारतात!" सलूनवाला म्हणाला, आणि सगळे हसले. मास्तरही हसले. धाकटी हसली नाही. तिनं पुन्हा हातोडी टेकवली, दुसऱ्या गुडघ्यालाही तेच. मग तिनं त्यांना कोटाची बटणं लावून दाखवायला सांगितली. त्यांनी जन्मभर सुई धरली, आणि आता तिसऱ्या बटणाला त्यांची बोटं अडखळली.

"बाबा, आज मी तुमच्या मानेला हात लावणार नाही. पाठीलाही नाही."

"म्हणजे? पाय थोडे बधिर आहेत म्हणून?"

"नुसतं तेवढ्यासाठी नाही. पायांच्या नसा खराब असल्या तरी जपून, हलक्या हातानं पाठ सैल करता येते. त्यानं पायांचा बधिरपणा जात नाही, आणि तो घालवतो असं जो सांगेल त्याच्याकडे जाऊ नका. पण आधी बधिरपणा कशानं आलाय ते तर कळायला हवं. साखरेनं नसा गेल्या तर हातोडीनं उडणारे हे झटके मंदावतात. तुमच्या घोट्याचा गेलाय, ते साखरेत बसतं. गुडघ्याचा मात्र वाढलाय, ते बसत नाही. वर बोटंही अडखळताहेत. मला मानेची शंका येतेय. तिथे आत मज्जारज्जू दाबला जात असेल आणि मी मान झटक्यानं वळवली तर..." ती थांबली. "मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन मानेचा एमआरआय करा. मी चिठ्ठी देते."

"सगळ्या गल्लीला सांगून आलोय मी!"

"मग सगळ्या गल्लीला सांगा, नाही म्हणाली म्हणून."

मास्तर टेबलावरून उतरले, मोजे खिशात कोंबले, अनवाणी पायांत बूट चढवले आणि मागे न बघता जिना उतरून गेले. साक्षीदार त्यांच्या मागोमाग. मी मागे राहिले, लेकीला झापायला.

"अगं, थोडं दाबल्यासारखं केलं असतंस तर काय आभाळ कोसळलं असतं? चार लोकांत बापाचं तोंड पाडलंस."

"आई, उद्या दुसऱ्या कुणाचे बाबा येतील. त्यांनाही दाबल्यासारखं करू?"

तिनं चिठ्ठी लिहून माझ्या हातात ठेवली.  मी ती घेऊन जिना उतरले.

बातमी गल्लीत आमच्या आधी पोचली होती. बापालाच हात लावायला घाबरली म्हणे, मग परक्याला काय बरं करणार! दवाखान्याच्या जिन्यावर बेकरीतल्या मांजराशिवाय कुणी चढेना. मास्तर धाकटीशी बोलेनात, आणि मापं घेताना मुकाट मापं घेऊ लागले. तिची चिठ्ठी कैचीखाली पडून होती. धाकटी मात्र रोज वेळेवर दवाखाना उघडायची, टेबल पुसायची आणि संध्याकाळी घरी येऊन विचारायची, "गेले का बाबा?" एवढंच.

एका दुपारी मान वर करून पाहते तर मशीनवर मास्तर नाहीत. मधल्या काचेतून दिसलं, ते सलूनच्या खुर्चीत बसले होते, गळ्याभोवती टॉवेल, आणि सलूनवाल्याचे दोन्ही हात त्यांच्या जबड्याखाली. मी सुई-दोरा टाकून पळाले. लेकीनं न केलेलं काम दुसऱ्याकडून करून घेऊन तिला खोटं पाडायला निघाला होता हा माणूस, आणि त्यात स्वतःचेच हातपाय घालवून बसला असता. ओरडायला तोंड उघडलं, तोवर सलूनवाल्यानं हात काढून घेतले होते.

"उठा, मास्तर. नाही जमणार."

"तूसुद्धा? रोज किती माना मोडतोस!"

"मोडायचो. त्या दिवसापासून एकही मोडलेली नाही. हात घेऊन जातो आणि ती पोरगी समोर येते. तिचा पहिला दिवस होता. स्वतःचा बाप, समोर आम्ही आवाज ऐकायला बसलेलो. एक झटका दिला असता तर आम्ही गावभर तिचं नाव केलं असतं. हे तिला कळत नव्हतं होय? तरी नाही म्हणाली. माझ्या पोरीत एवढा दम असता ना, तर मी गल्लीभर मिरवलं असतं. तुम्ही रुसून बसलात."

 मास्तरांनी टॉवेल काढला, घडी घातली आणि मला म्हणाले, "चिठ्ठी कुठाय?"

एमआरआय झाला. मेंदूच्या डॉक्टर बाईंनी फिल्म उजेडात धरली. मग म्हणाल्या, "मानेत हाड वाढून मज्जारज्जू चेपलाय. पायांच्या नसा साखरेनं खराब आहेतच, पण त्यांच्या आड हे लपून बसलं होतं. ऑपरेशन करावं लागेल, आणि तेही लवकर. बरं, मध्यंतरी कुणाकडून मान मोडून घेतली नाहीत ना?"

"नाही."

"नशीब तुमचं. एका झटक्यात हातपाय जाऊ शकले असते."

 ऑपरेशनचं ऐकून मास्तर खचणार म्हणून मी त्यांचा हात धरायला गेले, तर ते खुर्चीत ताठ होऊन बसलेले.

"नशीब कसलं, बाई!" त्यांचा आवाज असा चढला की बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावू लागली. मास्तरांना तेच हवं होतं. "माझ्या लेकीनं सांभाळलं मला. नवा दवाखाना, मी तिचा पहिला पेशंट, सख्खा बाप! चार लोकांसमोर माझे मोजे काढायला लावले आणि मला परत पाठवलं. मी रागावलो, बोलणं टाकलं, तरी हलली नाही!"

डॉक्टर बाईंनी धाकटीची चिठ्ठी पुन्हा हातात घेऊन नीट वाचली. "कोण ही चिठ्ठी लिहिणारी?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं होतं, पण या वेळी मी त्यांना बोलू दिलं नाही.

"आमची धाकटी," मी म्हटलं.