पाच चौकट

बोरीवलीच्या त्या क्लबात ब्रिज खेळणाऱ्यांना दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक, आपण पैसे लावून खेळत नाही. दुसरी, आपण सभ्य आहोत. पहिली गोष्ट खरी होती.

क्लब म्हणजे एका सोसायटीच्या तळमजल्यावरचा हॉल. सहा टेबलं, चोवीस खुर्च्या आणि मागे पडद्याआड चहाचा स्टोव्ह. अनंता राणे तिथला केअरटेकर. बावीस वर्षं परळच्या एका गिरणीत त्याने माग चालवले होते. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणीचं फाटक त्याच्यासाठी पुन्हा उघडलं नाही, आणि दोन वर्षं मिळेल ते काम केल्यावर ही नोकरी लागली. नोकरी म्हणायची इतकंच. टेबलं पुसायची, पत्त्यांचे जोड मोजून ठेवायचे, चहा द्यायचा. कमिटी बदलली की माणूसही बदलायचा, असा तिथला रिवाज होता आणि पुढची निवडणूक मार्चमध्ये होती.

पत्ते मात्र अनंताला यायचे. चाळीत मेंढीकोट खेळून त्याचं डोकं असं तयार झालं होतं की शेवटचे चार हात राहिले की कुणाकडे काय उरलंय ते त्याने न बघता सांगावं. चहाचे कप ठेवताना तो साहेबलोकांचा ब्रिज बघत राहायचा. एका शनिवारी चौथा गडी आला नाही आणि चंद्रप्रकाश नाडकर्णींनी त्याला गमतीने बसवला. नाडकर्णी अंधेरीच्या एका औषध कंपनीत खरेदी विभागाचे साहेब. त्यांचा नेहमीचा पार्टनर बदली होऊन बडोद्याला गेला होता. त्या संध्याकाळी अनंताने मोडत आलेले दोन डाव उभे केले आणि नाडकर्णींची गंमत तिथेच संपली.

"तू शिकशील," ते म्हणाले. "पण टेबलावर साहेब म्हणायचं नाही. पार्टनर म्हणायचं."

अनंताला त्या शब्दाने जे झालं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने असल्या गोष्टींनी सुखावू नये, पण तो सुखावला. घरी जाताना रस्ताभर तो शब्द मनात घोळवत गेला.

खेळ सोपा होता, बोली अवघड. ब्रिजमध्ये पत्ता टाकायच्या आधी बोलावं लागतं. समोरच्या पार्टनरचे पत्ते आपल्याला दिसत नाहीत, आपले त्याला दिसत नाहीत, आणि आपल्याकडे काय आहे ते एक ते सात आकडे, चार रंग, नो-ट्रंप, डबल आणि पास एवढ्यावरच सांगायचं. बाकी सगळं बंद. भुवई उडवायची नाही. पार्टनरने चांगली बोली दिली म्हणून हसायचं नाही. फार वेळ विचार करून पास म्हणायचं नाही, कारण थांबण्यातूनही पार्टनरला कळतं आणि ती चोरी. प्रत्येक बोली एकाच आवाजात द्यायची. अनंताचं सगळं आयुष्य याच्या उलट गेलेलं. मागांच्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून गिरणीत सगळे ओठांनी, डोळ्यांनी आणि बोटांनी बोलायचे. आणि मेंढीकोटात तर डोळा मारता न येणाऱ्याला कुणी भिडू घेत नसे. नाडकर्णींनी दोन महिने त्याचे हात टेबलावर पालथे ठेवून घेतले. तेव्हा कुठे ते हात गप्प झाले.

सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात मोठा नियम नाडकर्णींनी त्याला तीनतीनदा सांगितला. पार्टनर चुकला तरी टेबलावर बोलायचं नाही. चारचौघांत त्याला खोटं पाडायचं नाही. जे काय असेल ते नंतर, दोघांत.

मग एक्क्यांचा प्रश्न आला. पत्ते खूप चांगले असले की एक जण 'चार नो-ट्रंप' म्हणतो. ती बोली नसते, विचारणा असते: तुझ्याकडे एक्के किती? एकही नसेल तर उत्तर पाच किलवर, एक असेल तर पाच चौकट, दोन असतील तर पाच बदाम, तीनला पाच इस्पिक. तेवढं कळलं की ठरवायचं, पाचावर थांबायचं की सहाची उडी मारायची. सहा म्हणजे तेरातले बारा हात करून दाखवायचे. बाहेर, म्हणजे विरुद्ध जोडीकडे, दोन एक्के असले तर तोंडावर आपटायचं.

पहिल्याच आठवड्यात अनंता गोंधळला आणि एका एक्क्यावर पाच बदाम बोलून बसला. एकदाच. त्यानंतर दीड वर्षात पुन्हा नाही. पण नाडकर्णींना तो किस्सा फार आवडला. नवीन कुणी क्लबात आला की ते सांगायचे, "आमचा पार्टनर गिरणीतला, त्याच्या हिशेबात एक म्हणजे दोन." लोक हसायचे. अनंताही हसायचा. शिकवणारा माणूस, एवढं चालायचंच, असं तो स्वतःला सांगायचा.

सायक्लोस्टाइल केलेले बोलीचे कागद त्याने घरी नेले होते. प्रेमा तांदूळ निवडता निवडता त्याची परीक्षा घ्यायची. तिला पत्त्यातलं काही कळत नव्हतं, उत्तरं मात्र सगळी पाठ झाली होती.

"पाच चौकट म्हणजे?"

"एक एक्को."

"आणि चुकलंस तर?"

"चुकाचंय नाय," अनंता म्हणायचा.

ती एवढी मनावर घेत होती त्याला कारण होतं. नाडकर्णींच्या कंपनीत दिघे म्हणून पर्सोनेल मॅनेजर होते, ब्रिजचे वेडे. कंपनीची टीम होती आणि टीममध्ये एक जागा रिकामी झाली होती. गोदामातही एक जागा होती, पर्मनंट. "मुलुंडच्या स्पर्धेचा कप काढला तर दिघे तुला घेतील," नाडकर्णी म्हणाले होते. "माझ्याशी स्पष्ट बोललेत. ते तिथे बघायला असणार." संपातल्या माणसाला, तेही पंचेचाळिशीच्या, पर्मनंट. हा शब्द तर त्या घरात चार वर्षांत कुणी उच्चारला नव्हता.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी नाडकर्णींच्या फियाटमधून दोघं निघाले. आरे कॉलनीतल्या रस्त्याने गोठे मागे पडत होते आणि नाडकर्णी गाडी चालवता चालवता विचारत होते, "एक एक्का?" "पाच चौकट." "नक्की?" "नक्की, पार्टनर." पवईपर्यंत त्यांनी हे सहादा विचारलं. अनंताने सहाही वेळा तेच उत्तर दिलं, आणि सहाव्यांदा त्याला पहिल्यांदा थोडा राग आला.

मुलुंडच्या हॉलमध्ये बावीस जोड्या होत्या. दुपारी चारपर्यंत बोरीवलीची जोडी पहिल्या दोनांत होती. अनंता त्या दिवशी असा खेळला की शेजारच्या टेबलावरची माणसं खुर्ची वळवून बघायला लागली. शेवटचा डाव उरला तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यावर त्यांचा नंबर पहिला होता, आणि नाडकर्णींच्या मागे चार पावलांवर दिघे कुणाशी तरी बोलत उभे होते. विरुद्ध जोडी म्हणजे घाटकोपरच्या माणिक प्रधान नावाच्या वयस्क बाई आणि त्यांचे डॉक्टर पार्टनर.

नाडकर्णींनी इस्पिकने सुरुवात केली. अनंताने जोरदार दुजोरा दिला. त्याच्याकडे इस्पिकं होती, राजेराण्या होत्या आणि एक्का फक्त एक, बदामचा. नाडकर्णींनी पत्ते मिटले, उघडले.

"चार नो-ट्रंप."

"पाच चौकट," अनंता म्हणाला. त्याच आवाजात, हात पालथे ठेवून.

नाडकर्णी थांबले. त्यांनी वर बघितलं, जे बघायचं नसतं. अनंताला त्या नजरेत सगळं दिसलं: सायक्लोस्टाइलचा कागद, तो पहिला आठवडा, क्लबातलं हसणं. तो डोळ्यांनी सांगू शकला असता. बावीस वर्षं तो डोळ्यांनीच बोलला होता. त्याने मान खाली घातली.

"सहा इस्पिक," नाडकर्णी म्हणाले.

प्रधानबाईंनी किलवरचा एक्का टाकला, आणि डाव घेणाऱ्याच्या पार्टनरने उघडायचे असतात तसे अनंताने आपले तेरा पत्ते टेबलावर मांडले. मग डॉक्टरांनी चौकटीचा एक्का ओढला. बाकीचे अकरा हात नाडकर्णींचे. पाचावर थांबले असते तर कप त्यांचा होता. एका हाताने गेला.

नाडकर्णी पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "मला वाटलं तू चुकलास."

एवढंच असतं तरी अनंताने ते गिळलं असतं. माणसाचा अंदाज चुकतो. पण दिघे टेबलापाशी आले. डावाबरोबर फिरणाऱ्या कागदावर त्यांनी नजर टाकली. त्यावर शेवटची बोली लिहिलेली असते आणि निकाल. मधलं कुणी काय म्हटलं ते कुठेच लिहीत नाहीत.

"दोन एक्के बाहेर आणि सहा? एक्के विचारले नाहीत का, नाडकर्णी?"

"विचारले ना. पाच बदाम आलं समोरून." नाडकर्णींनी खांदे उडवले. "जाऊ दे. नवीन आहे."

अनंताने पालथे हात टेबलावर दाबून धरले. पार्टनरला चारचौघांत खोटं पाडायचं नाही. हा नियम ज्याने शिकवला तोच समोर बसून त्याच्या आड लपला होता, आणि दाद मागायची तर कुणाकडे? प्रधानबाईंनी त्याची बोली स्वच्छ ऐकली होती. त्यांनी एकदा अनंताकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे. मग चष्म्याची डबी काढली, चष्मा आत ठेवला आणि डबी बंद केली. दुसऱ्यांच्या पार्टनरशिपमध्ये आपण बोलू नये, ही सभ्यता. दिघ्यांनी अनंताच्या खांद्यावर थोपटलं आणि ते निघून गेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि इथे तर तोंड त्याचं त्यानेच दाबलं होतं.

परतताना गाडीत नाडकर्णी म्हणाले, "तुला राग आला असेल. पण मी टीममध्ये आहे रे, माझी इज्जत आहे तिथे. तुझं काय, तू नवीनच होतास."

घरी प्रेमाने एकच विचारलं. "तू काय बोललंस?"

"पाच चौकट."

"मगे?"

"मगे काय. तेंका वाटला मी चुकलंय."

तिने बोलीचे ते कागद फळीवरून काढले आणि तांदळाच्या डब्याखाली घातले.

गोदामातली जागा दिघ्यांनी दुसऱ्या कुणाला तरी दिली. नाडकर्णी टीममध्ये राहिले. महिनाभर त्यांनी अनंताला टेबलावर बोलावलं नाही, आणि अनंताने चहा देताना कुणाच्याही पत्त्यांकडे बघितलं नाही.

मग फेब्रुवारीत एका शनिवारी पुन्हा चौथा गडी आला नाही. "बस रे अनंता," नाडकर्णी म्हणाले, जसं काही झालंच नव्हतं. तो बसला. दोन डाव गेले. तिसऱ्यात त्याला असे पत्ते आले की दुसरा कुणी असता तर खूश झाला असता: लांब इस्पिकं आणि दोन एक्के. त्याने ताकद दाखवली. नाडकर्णींनी पत्ते मिटले, उघडले.

"चार नो-ट्रंप."

पाच बदाम. उत्तर त्याच्या जिभेवर होतं. हात टेबलावर पालथे होते.

"पास," अनंता म्हणाला.

टेबलावरचे तिघंही चमकले. विचारणेवर पास म्हणजे प्रश्नाला उत्तरच नाही; शिकाऊ माणूसही असं करत नाही. पुढच्यानेही पास म्हटलं आणि डाव तिथेच, चार नो-ट्रंपवर, ठरला. अनंताने पत्ते मांडले. दोन्ही एक्के वर ठेवले.

"अरे, हे काय?" नाडकर्णींचा आवाज चढला. "बारा हात पडलेत समोर. मी विचारलं ना तुला?"

"मुलुंडला सांगितलं होतं, साहेब," अनंता म्हणाला. "खरं तेच सांगितलं होतं."

तो उठला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने टेबलावर पार्टनरला चारचौघांत खोटं पाडलं होतं. आता कुणीतरी विचारेल, त्याला वाटलं. मुलुंडला काय झालं, असं कुणीतरी एकजण तरी विचारेल. पडद्याआड जाऊन त्याने स्टोव्ह पेटवला आणि कान देऊन उभा राहिला.

बाहेरून नाडकर्णींचा आवाज आला, निवांत, नेहमीचा.

"बघितलंत ना? मी सांगत नव्हतो? दीड वर्ष शिकवतोय, अजून उत्तर जमत नाही. मुलुंडला हेच झालं."

कुणीतरी हसलं. आणखी एक जण म्हणाला, "जाऊ द्या हो, गिरणीतला माणूस." पत्ते पिसल्याचा आवाज आला.

अनंताने कप मांडले. नाडकर्णींना दीड चमचा साखर लागते, ती त्याने दीडच घातली, आणि ट्रे उचलून बाहेर आला.