रंगखात्याचे ड्रम

मधुरिमा शिर्के इंदूरच्या एका कॉलेजात इनऑर्गॅनिक केमिस्ट्री शिकवायची. प्रॅक्टिकलला पोरांना काही शोधावंच लागत नसे. कोणत्या बाटलीत कोणतं सॉल्ट, हे वरच्या वर्गाकडून आधीच कळलेलं असायचं. शेवटी वैतागून ती म्हणाली, "उद्यापासून घरून काहीतरी आणा. तुरटी, शेंदूर, नळाचं पाणी, काहीपण. त्यात काय आहे ते तुम्हीच शोधा."

विभागप्रमुख अच्युत सरांना हे पटलं नाही. "सिलॅबस कोण पूरा करणार, मॅडम? पोरं आधीच पलासियाच्या कोचिंगला पळतायत." पण त्यांनी अडवलं नाही.

पोरं रमली. तास संपला तरी लॅबमधून हलेनात. एके दिवशी वर्गातल्या संबोधीनं घरचं पाणी आणलं. तिचे वडील नथू कापड मिलच्या रंगखात्यात होते. मिल बंद पडून वर्ष होत आलं होतं आणि ते आता मिळेल ते काम करत. पाण्याला किंचित पिवळट झाक होती.

"टँकरचं आहे, मॅडम. आमच्याकडे असंच येतं."

तिनं लेड ॲसिटेट टाकलं. परीक्षानळीत पिवळाजर्द साका धरला. संबोधी खूश झाली. "क्रोमेट! बरोबर ना?"

मधुरिमानं स्वतः दुसरी टेस्ट घेतली. वरचा ईथरचा थर निळा झाला आणि बघता बघता विरला. शंका उरली नाही. रंगखात्यात वापरतात तेच विषारी क्रोमेट.

"पाणी कशात भरता?"

"ड्रममध्ये. मिल बंद झाली तेव्हा पप्पांनी रंगखात्यातून आणला. चाळीत बऱ्याच जणांनी आणले." बोलता बोलता संबोधी थांबली. "मम्मीला उलट्या होतायत, मॅडम. डॉक्टर पीलिया म्हणाले, कावीळ."

मधुरिमा तडक तिच्याबरोबर निघाली. संबोधीची आई गिरिजा भिंतीला टेकून बसली होती, चेहरा सुजलेला. घरातले बाकीचे दिवसभर बाहेर असत. ती मात्र घरीच असायची आणि तेच पाणी प्यायची. मोठ्या दवाखान्यात नेल्यावर कळलं, किडन्या निकामी झाल्या आहेत.

वॉर्डाबाहेर संबोधीनं मधुरिमाचा हात धरला. "पप्पांना सांगू नका. ते जगणार नाहीत."

मधुरिमालाही सांगायचं नव्हतं. पण ती म्हणाली, "आणि बाकीच्या घरांतले ड्रम?"

संबोधीनं तिचा हात सोडला. मग पलीकडच्या बाकावर बसलेल्या वडिलांना तिनंच सगळं सांगितलं.

नथू मधुरिमाकडे वळले. "मी तर घासून घासून धुतला होता, मॅडमजी. साबण लावून. धुतल्यानं जात नाही का?"

"सांध्यात राहतं काही. हळूहळू पाण्यात उतरतं."

नथू उठले. चाळीत गेले, लोखंडी सब्बल घेतली आणि आधी आपल्या ड्रमला भोक पाडलं. मग शेजारच्या नानासाहेबांच्या दारात उभे राहिले.

"पागल झालास का भिया?" नानासाहेब ओरडले. "पाणी काय डोक्यावर ठेवू?"

"गिरिजाला याच्यानंच झालंय," नथू म्हणाले. "मीच आणला होता."

नानासाहेबांनी गुपचूप ड्रम बाहेर ढकलला. गल्लीभर पाणी वाहिलं. काही घरांनी मात्र दारं लावून घेतली.

गिरिजा त्याच आठवड्यात गेली. नथूंनी घरात बोलणं सोडलं. संबोधी कॉलेज सोडून स्नेहलतागंजमधल्या एका औषधांच्या दुकानात लागली. अच्युत सरांनी घरच्या नमुन्यांवर बंदी घातली. "उद्या काही झालं तर कॉलेजवर येईल, मॅडम." वर्गात पुन्हा त्याच बाटल्या आल्या.

मधुरिमा आता सुट्टीच्या दिवशी रसायनांचा छोटा डबा घेऊन चाळीत जायची. तिला कोणी दार उघडत नसे. संबोधीनं हाक मारली की उघडत. एका घरी दारातल्या ड्रमचं पाणी तिथल्या बाईच्या डोळ्यांदेखत नळीत पिवळं झालं. बाई नळीकडे बघत राहिली, मग आत खेळणाऱ्या पोरांकडे.

"मग कशात भरू, ताई?" तिनं विचारलं. "टँकर तर आजच येऊन गेला."

मधुरिमानं डबा बाजूला ठेवला. संबोधीनं पदरासारखी ओढणी कमरेला खोचली आणि ड्रम आडवा करायला हात लावला.