काशीच्या नावाचा टाक

मित्रांनो, मी एक जुना चांदीचा टाक आहे. टाक म्हणजे देवघरात पुजायचा बोटभर पत्रा. त्यावर देवाची किंवा गेलेल्या माणसाची आकृती उठवतात. माझे घर कोन गावात, जन्म मात्र भिवंडीच्या सोनाराकडचा.

पाऊणशे वर्षांपूर्वी लडकू नावाचा शेतकरी बायकोचे तोडे घेऊन त्याच्याकडे आला. त्याची आठ वर्षांची लेक तापाने गेली होती. सोनार म्हणाला, "पोरीचा ठसा नाही माझ्याकडे. तलवारवाला वीर आहे."

"त्योच मार," लडकू म्हणाला. "माजी काशी वीरच व्हती."

पुढे लडकू वारला आणि घोटाळा झाला. तलवार पाहून घरच्यांनी मला कुणी पणजोबाच ठरवले. दर सर्वपित्रीला माझ्यापुढे बिडी ठेवू लागले. आठ वर्षांच्या पोरीपुढे बिडी! मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

यंदा घरातल्या जीवनचे लग्न ठरले. आमच्याकडे लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण पूर्वजांना नावाने मांडवात बोलावते. माझे नाव कुणालाच सांगता येईना. जीवन म्हणाला, "झिजलाय पार. आटवून नवीन करू." मी हादरलो. मी आटलो की काशीची एवढी एकच खूणही संपली असती.

"दोन दिवस थांब," त्याची बहीण नेत्रा म्हणाली. रुमालात गुंडाळून तिने मला एसटीने गणेशपुरीला नेले, आजोबांच्या बहिणीकडे. गुणाबाईंनी मला डोळ्यांजवळ धरले.

"आजी, हे कोणते पणजोबा?"

"पणजोबा न्हाय गो! ही माजी मोठी बहीन, काशी. भरतीच्या पान्यात मी वाहत चाललेली. तिनं केसाला धरून मना काढली. मंग तिलाच ताप भरला, तो उतरलाच न्हाय."

नेत्राच्या डोळ्यांत पाणी आले. "आजी, आपण तिला बिडी ठेवतो..."

"बिडी? मेल्यांनो, तिला बोरं ठेवा!"

माझ्यासारखा ऐटबाज टाक त्या दिवशी तालुक्यात दुसरा नसेल.

तुमच्याही देवघरात, भिंतीवर असे कुणी बिननावाचे असेल, तर ते नुसते पुसून ठेवू नका. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे आजच जा आणि विचारा. गुणाबाईंनी ऐंशी ओलांडली आहे, मित्रांनो.

हळदीच्या दिवशी जीवनने स्वतःच्या हाताने मला पाटावर बसवले. धवलारणीने सूर लावला, "ये गो काशी, लडकूचे लेकी, नातवाच्या लग्नाला ये." आठ वर्षांची आजी पहिल्यांदाच मांडवात आली.