कोणी पाठवलं?

कंपनीचा फॉर्म चार पानांचा होता आणि पहिल्याच पानावर क्लारिबेलचं डोकं फिरलं.

‘सरत्या वर्षात तुम्ही स्वतःला दहापैकी किती गुण द्याल?’

“स्वतःला मार्क द्यायची सोय शाळेत असती तर मी शाळा सोडली असती का?” ती म्हणाली.

“सात लिही,” समोरचा बोयेट म्हणाला. “सगळे सातच लिहितात. आठ लिहिलं तर माज दिसतो, सहा लिहिलं तर कीव येते.”

बोयेट आणि क्लारिबेल, दोघंही अकरा वर्षं फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात घरं विकत होती. ना ऑफिस, ना पगार, आपापल्या जिवावर. जूनमध्ये बोयेट एका मोठ्या कंपनीत शिरला. आता त्याला इस्त्रीचा निळा शर्ट होता, छातीवर नावाची पट्टी होती, आणि महिना संपला की पगार. क्लारिबेलसाठी तिथं एक खुर्ची रिकामी ठेवलीय, हे तोच सांगत आला होता. फॉर्म भरून दोन जानेवारीला द्यायचा. आज एकोणतीस डिसेंबर.

तिला ती खुर्ची हवी होती, खोटं कशाला बोला. वर्षात पाच घरं विकली होती. मधले तीन महिने तर कुणी फोनसुद्धा केला नव्हता, तेव्हा उगाच फोन उचलून बघायची, बंद तर पडला नाही ना. असलं आणखी एक वर्ष काढायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तिनं चार लिहिलं आणि पान उलटलं.

‘प्रत्येक गिऱ्हाईक तुमच्याकडे कुठून आलं?’ खाली पाच रेघा. पाचही रेघांसमोर तिचं पेन नुसतं हवेत.

आता ह्यात तिची एकटीची चूक नव्हती. तिथल्या घरांच्या धंद्यात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, की कोणी पाठवलं ते विचारायचं नाही. विचारलं की नाव निघतं आणि नाव निघालं की तो माणूस दारात हजर, “मग माझा वाटा?” त्यामुळे एजंट लोक गिऱ्हाइकाला पाणी विचारतात, पोराबाळांचं विचारतात, गुडघेदुखीचंही विचारतात. हे तेवढं विचारत नाहीत.

“जाहिरातीतून, असं लिही,” बोयेट म्हणाला.

“मी कधी जाहिरात दिली?”

“फॉर्मला काय डोंबल कळतंय?”

झालं! तिची सटकली. खोटंच लिहायचं तर वर्षाचा हिशेब कशाला मांडायचा? तिनं फोन उचलला.

पहिला फोन बंदरावरच्या क्रेनवाल्याला. “कोणी पाठवलं म्हणजे?” तो ओरडला, मागे भोंगा वाजत होता. “बाचोयवाल्या मानांगनं, ती सूप विकणारी थोरली ताई!”

दुसरा एका नर्सला. “ला पास भागातल्या बाजारातली मानांग सिओनी. का हो, तुम्ही दोघी बहिणी ना? ती तर असं बोलत होती...”

तिसऱ्या घरात नवराबायकोचीच जुंपली. नवरा म्हणे माझ्या मामानं सांगितलं. बायको मागून, “मामानं कुठलं? मामा सूप पीत होता. सांगितलं त्या सूपवालीनं!”

चौथा फोनही तसाच. पाचव्याला क्रेनवाल्यानं धाडलं होतं, म्हणजे फिरून तेच.

क्लारिबेलनं फोन खाली ठेवला.

“सिओनी,” ती म्हणाली. “पण ती तर तिसऱ्या पानावर आहे.”

तिसरं पान होतं ‘हातची गेलेली गिऱ्हाइकं व कारण’. ते तिनं सकाळीच भरलं होतं, कारण गेलेलं सगळं तिला पाठ होतं. पहिलंच नाव असुन्सियोन गालेगो, म्हणजे मानांग सिओनी. कारण: ‘मीच तोंड उघडलं.’

मार्चमधली गोष्ट. नदीकाठचं घर, सिओनी पैसे मोजायच्या बेतात, मालक हसतोय. आणि क्लारिबेलची नजर गेली कॅलेंडरवर. भिंतीवर पार खाली, गुडघ्याजवळ टांगलेलं. गुडघ्याजवळ कॅलेंडर कोण लावतं? त्यात रंग ताजा, पण तोही फक्त कमरेपर्यंत. तिनं कॅलेंडर उचललं. मागे तेवढा तुकडा रंगवायचा राहिला होता आणि त्याच्यावर सुकलेल्या चिखलाची सरळ रेघ.

“मानांग, पाणी इथं येतं,” ती बोलून गेली. सौदा तिथंच मोडला. मालकानं तिच्याकडची आणखी दोन घरंही काढून घेतली. “कॅलेंडर बघायला गेली होतीस की घर विकायला?” म्हणून बोयेटनं तिला महिनाभर पिडलं होतं.

दोघं तडक बाजारात गेली. नव्या वर्षाला गोल फळं शुभ, म्हणून ती घ्यायला ही झुंबड उडालेली. सिओनीच्या टपरीवर वाफ आणि लसणाचा वास. मोठ्या पातेल्यात डुकराची हाडं उकळत होती.

“मानांग,” क्लारिबेल भांडायलाच आल्यासारखी म्हणाली, “माझ्याकडे माणसं तुम्ही पाठवत होतात?”

“आधी बस. काय गं, वाळलीस किती! ए निळा शर्ट, तूपण बस.”

“मला सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस का?”

“पाच घरं झाली, मानांग. तुमचा वाटा...”

सिओनीनं हातातला डाव पातेल्यावर आपटला. दोनतीन गिऱ्हाइकांनी वळून बघितलं. “वाटा? लाज नाही वाटत? जुलैत त्या घरात पाणी शिरलं, ऐकलंस? खिडक्या बुडाल्या. माझी आई सहा वर्षं अंथरुणावर आहे, तिला तळमजल्यावरच ठेवणार होते मी. दिवसभर मी इथं. कोण उचलणार होतं तिला? तू?” तिनं पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला आणि लगेच ओरडली, “बघता काय, कांदा लागलाय डोळ्यांना! सूप प्या! थंड होतंय!”

मग हळू आवाजात, “त्या दिवशी तू मला काहीच विकलं नाहीस. त्याचे पैसे मी अजून फेडतेय. समजलं?”

क्लारिबेल समोर आलेल्या सूपच्या वाटीत बघत बसली. वर बघितलं असतं तर रडली असती, आणि बोयेटसमोर रडायचं म्हणजे आणखी एक वर्ष चिडवणं.

बोयेट मात्र चिडवत नव्हता. सूपातल्या शेवया ढवळत म्हणाला, “खरं सांगू? कंपनीत आम्हाला घर दाखवताना भिंतींना हात लावायची परवानगी नाही.”

“म्हणजे कॅलेंडर...”

“कॅलेंडर आम्हीच लावतो.”

क्लारिबेलनं पिशवीतून फॉर्म काढला, तिसऱ्या पानावरचं सिओनीचं नाव खोडलं आणि दुसऱ्या पानावर पाच वेळा लिहिलं. तिसऱ्या पानावर खाली आणखी सहा गेलेली नावं होती. त्यांना तिनं वर्षभरात साधा फोन केला नव्हता. जानेवारीत एकेकाच्या दारात जायचं तिनं ठरवलं.

“पुढच्या वर्षाचं पान कुठाय?” सिओनीनं मान लांब केली. “तिथं पहिलं माझं नाव घाल. घर मला अजून हवंय. उंचावरचं. आणि भिंती तूच बघायच्या.”

“कंपनीला हे कसं देणार तू?” बोयेटनं विचारलं.

“कंपनीला कोण देतंय?” तिनं फॉर्म घडी करून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवायला घेतला, मग थांबली, उघडला, दहापैकी चार खोडून सात केलं आणि पर्समध्ये ठेवला. “त्यांना सांग, खुर्ची दुसऱ्याला द्या. आणि थँक्यू म्हण, मनापासून. हा कागद नसता तर मी मेले तरी विचारलं नसतं.”

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज, घर बघायचंय म्हणाली.

“दाखवते की,” क्लारिबेल म्हणाली. “पण आधी सांगा बाई, तुम्हाला कोणी पाठवलं?”

सिओनी पातेल्याकडे वळून खूप लक्ष देऊन ढवळायला लागली.